बार्ब्रू उभ्यानेच कॉफी प्यायची

माझी लेक सिग्ने दुपारी ओसरीवर बाबागाडीत झोपते. खाली मेंढीचं कातडं, कानांवर लोकरीची टोपी, नाकाचा शेंडा तेवढा उघडा. बाहेरच्या गार हवेत ती चाळीस मिनिटं तरी झोपतेच, आणि माझं नशीब चांगलं असेल त्या दिवशी तासभर. तेवढ्या वेळात मी बार्ब्रूचं स्वयंपाकघर उभं करत होते. सोमवारी खिडकी आणि ओटा झाला. मंगळवारी नळ. बुधवारपासून ती स्वतः.

बार्ब्रू म्हणजे हालवार यांची बायको. ऑक्टोबरात गेली. हालवारांनी तीस वर्षं आमच्या शाळेची बस चालवली. आम्ही मागे दंगा केला की ते बोलायचे काही नाहीत, फक्त वरच्या आरशात बघायचे, आणि अख्खी बस गप्प व्हायची. फेब्रुवारीत एका सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी खांद्यावरच्या बाळासकट आपोआप ताठ झाले.

आमच्या वोमहूस गावात बायका केसांचं काम पूर्वीपासून करतात. गोफासारखे विणून साखळ्या, कानातले, घड्याळाचे पट्टे. तसं मलाही येतं, गुनेलमावशीने शिकवलं. पण मी हल्ली वेगळं करते. अंड्याएवढी पांढऱ्या चिनी मातीची चकती घ्यायची, तिच्यावर पातळ डिंकाने एकेक केस चिकटवायचा आणि केसाच्या रेघेने चित्र काढायचं. मोठं काही नाही. खुर्चीवर टाकलेला टॉवेल. पोराच्या बुटाची नाडी बांधणारी बाई. मग वरून काचेसारखा रस ओतला की तो दोन दिवसांत घट्ट होतो, मागे पिन लावली की ब्रोच तयार. ज्याचं चित्र त्याचेच केस.

हालवारांनी खिशातून बटणांचा पत्र्याचा डबा काढला होता. त्यात पातळ कागदात गुंडाळलेली वीतभर लांबीची एक बट, पेन्सिलीपेक्षा बारीक. पहिल्या बाळंतपणानंतर बार्ब्रूचे केस इतके गळायला लागले की तिने वैतागून वेणीच कापली आणि पुढे जन्मभर केस आखूड ठेवले. वेणी कोणा विणणारणीला देऊन टाकली, ही एवढी बट कशी कोण जाणे राहिली. शेवटी दवाखान्यात तिचे केस कापून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता सिग्नेच्या पायाकडे बघत होते.

चित्र कसलं हवं, म्हणून मी विचारलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले की बार्ब्रू चोपन्न वर्षांत एकदाही बसून कॉफी प्यायली नाही. बस की, म्हटलं तर म्हणायची, बसले तर मला उठवणार कोण. ओट्याला टेकायची, एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत प्यायची. हालवार मागे टेबलाशी बसलेले. म्हणजे रोज सकाळी तिची पाठच दिसायची. फोटो आहे का विचारलं, तर म्हणाले, "पाठमोऱ्या बाईचा कॉफी पिताना फोटो कोण काढतं?"

त्यांना तो ब्रोच कोटाच्या कॉलरच्या आतल्या बाजूने लावायचा होता. कुणाला दाखवायला नको होता.

*

गुनेलमावशी माझ्या आईची मैत्रीण. तिच्याकडे शिकायला बसले त्या पहिल्या दिवशी तिने मला हातात काही घेऊ दिलं नव्हतं, फक्त एक नियम सांगितला होता. एका टेबलावर एकच माणूस. म्हणजे एकाचे केस टेबलावर असताना दुसऱ्याचे काढायचे नाहीत. एकाचं काम संपलं की टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, चिमटे पुसायचे, उरलेले केस, कापलेली टोकंसुद्धा, गोळा करून ज्याची त्याला परत द्यायची. लोक आपलं माणूस आपल्या हातात देतात, त्यात भेसळ चालत नाही. त्यावर आमच्या गावाचं नाव आहे.

मी नियम पाळत होते. बार्ब्रूची बट सोड्याच्या पाण्यात उकळली, तेल गेलं, केस कोरडे आणि हलके झाले. पांढऱ्या वाडग्यात ठेवली. दर केसाची दोन्ही टोकं कापून मधला भाग लावायचा आणि टोकं शेजारच्या, उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात टाकायची. सगळं रीतसर.

फक्त माझं स्वतःचं डोकं रीतसर नव्हतं. सिग्नेला चार महिने झाले आणि माझे केस झडायला लागले. उशीवर, न्हाणीच्या जाळीत, पावावरच्या लोण्यात. रोज संध्याकाळी मी सिग्नेच्या हातापायांची बोटं एकेक करून तपासते, कारण एकदा तिच्या करंगळीला माझा केस गुंडाळला गेला होता आणि ती का रडतेय ते कळायला आम्हाला अर्धा तास लागला. टेबलाशी बसताना मी डोक्याला घट्ट रुमाल बांधत होते. मला वाटत होतं, तेवढं पुरे.

शुक्रवारी दुपारी बार्ब्रूची मान संपवली आणि वाडग्याकडे बघितलं. काहीतरी खटकलं. सोमवारपासून मी त्यातून घेत होते. बट संपत यायला हवी होती. ती जवळजवळ होती तेवढीच होती.

योआर, माझा नवरा, त्या दिवशी लवकर आला होता आणि दारात बूट काढत होता. मी त्याला हाक मारली आणि वाडग्यात कोणी हात घातला का विचारलं. तो खुशीत होता.

"मी घातला ना," तो म्हणाला. "मंगळवारपासून जिथे तुझे केस सापडतात तिथून उचलून टाकतोय त्यात. उशीवरचे, सिग्नेच्या मुठीतले. तुला लागतात ना?"

मी वाडगा जवळ ओढला.

"अगं, केस ते केसच ना," तो म्हणाला आणि माझं तोंड बघून हातातला बूट हळूच खाली ठेवला. "नाहीत का?"

त्याचं घर फालुन शहरातलं. त्याच्याकडे केसांचं काम कुणी केलेलं नाही. त्याने बिचाऱ्याने घरात केर दिसू नये आणि मला मदत व्हावी, अशी दोन्ही कामं एकदम केली होती. आणि माझ्या केसांचा रंग तोच, बार्ब्रूचा. ओल्या राय-धान्याच्या पावासारखा तपकिरी. म्हणून तर मला चार दिवस दिसलं नव्हतं.

उद्या सकाळी अकराच्या बसने हालवार येणार होते. चकतीवर त्यांची बायको उभी होती, आणि त्यातली ती किती आणि मी किती, ते मला माहीत नव्हतं.

*

योआरवर ओरडण्यात वेळ घालवला नाही. सिग्नेला कोटाच्या आत छातीशी बांधलं, चकती, वाडगा आणि अंड्याचा कप एका खोक्यात नीट बसवला, खोकं घसरगाडीच्या पुढच्या फळीला बांधलं आणि पायाने रेटत गुनेलमावशीकडे निघाले. मार्च असल्यामुळे रस्त्यावर दुपारचं पाणी आणि त्याखाली बर्फ. दोनदा पडता पडता वाचले.

मावशी चौऱ्याऐंशीची आहे. तिने ऐकून घेतलं, पण हाय हाय केलं नाही. आधी सिग्नेला मांडीवर घेतलं, तिच्या गालाचा वास घेतला आणि मग म्हणाली, "नवऱ्याला मारलं नाहीस ना? मग बस."

तिने भिंगाचा दिवा ओढला आणि वाडगा त्याखाली धरला. कापलेल्या केसाला दोन्ही बाजूंना नुसतं टोक असतं. गळलेला केस मुळासकट येतो, त्याच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहून लहान पांढरा गोळा असतो. बार्ब्रूची बट कापलेली होती. माझे सगळे गळलेले. मग आम्ही दोघी निवडायला बसलो, तांदळातले खडे निवडावेत तसे. गोळेवाले माझे, बिनगोळ्याचे बार्ब्रूचे. सिग्ने मध्येच भुकेने ओरडली तेव्हा मी तिला पाजत होते आणि मावशी एकटी निवडत होती. तिचे हात कापतात, पण चिमटा धरला की थांबतात.

वाडगा निवडून झाला. बार्ब्रूचे चित्राला पुरतील एवढे लांब केस फक्त सहा उरले होते.

मग मावशीने अंड्याचा कप भिंगाखाली ओतला. कापलेली टोकं. त्यात गोळा सापडला, तर त्याचा उरलेला केस चित्रात गेलेला असणार. मी सिग्नेच्या टाळूवर हनुवटी टेकवून बसले होते आणि बघवत नव्हतं. मावशी एकेक टोक बाजूला सारत होती. कपाच्या तळाशी आली. म्हणाली, "एक."

एकच गोळा. मला हसावं की रडावं कळेना. मी मनात वीस धरून बसले होते.

पण ती म्हणाली की फार खूश होऊ नकोस, काही केस मुळाशी न येता मधूनच तुटतात, त्यांना गोळा नसतो. तसे किती गेले, ते टोकांवरून सांगता यायचं नाही. वाफेवरून सांगता येईल. बार्ब्रूचे केस उकळलेले आहेत, ते डिंक पितात आणि आत धरून ठेवतात. माझे उकळलेले नव्हते, त्यांच्यावर अंगचं तेल आहे, डिंकाने त्यांना नुसतं वरवर धरलंय. चकतीला वाफ दे, परका केस उठून उभा राहील. सहापर्यंत उठले तर निभावेल. सातवा उठला तर चित्र पुरं होणार नाही, कारण बार्ब्रू तेवढीच आहे.

चुलीवर किटली होतीच. मी हात पुढे केला. मावशीने चकती दिली नाही.

"आत्ता केलंस तर हालवारला कळायचं कारण नाही," ती म्हणाली. "मी तर सांगणार नाही. तूच ठरव."

आणि मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने माझ्या आईलाही सांगितली नव्हती. सत्तर साली, तिचं नवीन लग्न झालेलं असताना, एक गृहस्थ बायकोचे केस घेऊन आला होता, घड्याळाची साखळी करायला. शेवटी चार बोटं साखळी कमी पडली. मावशीने स्वतःची वेणी सोडून त्यातले केस घातले. रंग जुळत होता. तो माणूस साखळी घ्यायला आला, आणि त्याने ती तिच्यासमोर ओठांना लावली. नेमक्या त्या चार बोटांवर.

"मी तिथे उभी," मावशी म्हणाली. "लाल झाले. त्याला वाटलं, मी हळवी आहे. मला अजून रस्त्यात कुणी म्हातारा घड्याळ काढताना दिसला, की मी दुसरीकडे बघते."

ती हसली, पण फारसं नाही. मी चकती वाफ न देता तशीच खोक्यात ठेवली आणि घरी आले. योआर बटाटे सोलत होता. चौघांना पुरतील एवढे सोलले होते आणि अजून सोलतच होता.

*

हालवार अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. कोट काढला नाही. टेबलावर चकती होती, तिच्याकडे बघायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. रात्रभर जुळवलेली वाक्यं राहिली बाजूला, भलत्याच क्रमाने सांगितलं. योआर कोपऱ्यात सिग्नेला छातीला बांधून उभा होता. तो म्हणाला, "चूक माझी आहे." तेवढंच. त्याचे कान लाल झाले होते.

हालवारांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मला एकदम ती बस आठवली आणि वरचा आरसा. खिडकीबाहेर वळचणीचं पाणी टपटपत होतं आणि मी ते मोजत होते.

मग त्यांनी खुर्ची ओढली.

"बार्ब्रूच्या सख्ख्या बहिणीलाही तिच्या ओट्याला टेकायची परवानगी नव्हती," ते म्हणाले. "बशा तू पूस, पण तिकडे बसून पूस, असं होतं. तेव्हा तू नेमकी कुठे उभी आहेस ते आधी बघू या, पोरी."

योआरने किटली चुलीवरून आणली. मी चकती चिमट्यात धरली आणि वाफेत नेली. भिंगातून मीच बघत होते. खिडकी हलली नाही. ओटा नाही. नळ ओला होऊन चमकला आणि तसाच राहिला. पावलं, एकावर एक, तशीच. मग एक केस सावकाश उठला, झोपलेलं मूल कूस बदलतं तसा, आणि टोकावर उभा राहिला.

मी आणखी वाट बघितली. योआरचा हात भाजत होता, तरी तो किटली हलवत नव्हता. दुसरा उठला नाही. तिसरा नाही. मी चकती फिरवली, पुन्हा वाफेत नेली. काही नाही.

"एकच," मी म्हणाले, आणि चकती टेबलावर ठेवली.

"कुठला?" हालवारांनी विचारलं.

तेच तर होतं. तो केस म्हणजे पाठ होती. मानेपासून कमरेपर्यंतची ती एक मोठी रेघ, जिच्यामुळे ती बाई वाटत होती. चित्रात सगळ्यात आधी दिसायची ती. मी भिंग त्यांच्याकडे वळवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारून बघितलं, बराच वेळ.

"काढ," ते म्हणाले.

मी काढला. पाठीशिवाय बार्ब्रू तशीच उभी राहिली, एक मान, एक कोपर, हातातला कप आणि खाली दोन पावलं. हालवारांनी क्षणभर खिडकीकडे तोंड केलं. मी सहातला सगळ्यात लांब केस उचलला, टोकं कापली, डिंकात बुडवला. सिग्नेने नेमकी तेव्हाच किंकाळी मारली. योआर तिला घेऊन पटकन बाहेर गेला, बूट न घालता, नुसत्या मोज्यांवर.

केस लावायला सुरुवात केली, आणि तो ऐकेना. माझा होता तो सरळ होता, जिथे ठेवला तिथे बसला होता. हा मध्ये किंचित वाकायचा. दोनदा कुंचल्याने सरळ केला, दोनदा तो परत तिथेच वाकला, खांद्याच्या जरा खाली. वेणीत बरीच वर्षं बांधला गेलेला असणार, त्याची वळणं गेली नव्हती. मी तिसऱ्यांदा कुंचला उचलला.

"राहू दे," हालवार म्हणाले.

ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांच्या कोटाला थंडीचा आणि डिझेलचा वास होता.

"तिथे तिला बाक होता," ते म्हणाले. "कॉफी गरम असली की तेवढी वाकायची. फुंकर मारायला. मी तुला सांगायचं विसरलो." मग थोडं थांबून, "मघाची जरा ताठ होती. मला वाटलं, आपल्यालाच नीट आठवत नसेल."

ते खरं होतं की माझं मन राखायला, ते मी विचारलं नाही. मी कुंचला ठेवला. पाठ डिंकात बसत होती, तिच्या मनाप्रमाणे. भिंगाखाली ओट्याला टेकलेली एक बाई गरम कॉफीवर वाकली होती, आणि तिच्यात आता दुसरं कुणी नव्हतं.

उठलेला केस मी कागदात ठेवला होता. हालवारांनी तो बोटाने माझ्याकडे सरकवला, म्हणाले, हा तुझा, आणि हसले. मी त्यांना बसमध्ये कधी हसताना बघितलं नव्हतं.

रस ओतायचा तर डिंक वाळायला अर्धा तास थांबावं लागतं. तोपर्यंत योआर आत आला, ओले मोजे काढून चुलीजवळ टाकले. सिग्ने शांत झाली होती आणि हालवारांच्या कोटाचं बटण तोंडात घालायला धडपडत होती. योआरने उकडलेले बटाटे आणि हेरिंग मासळी मांडली. बटाटे इतके होते की हालवारांनी विचारलं, कुणाचं लग्न आहे का? योआरच्या कानांचा रंग हळूहळू जागेवर आला.

जेवताना हालवार बोलत होते. बार्ब्रूबद्दल नाही, बसबद्दल. कुठल्या वळणावर हरीण आडवं यायचं, कोण पोरगं रोज उशिरा यायचं. मी ऐकत होते आणि माझे खांदे कालपासून कानांपाशी चढले होते, ते खाली येताना मला जाणवत होते.

अर्धा तास झाला. मी रस मिसळला, बुडबुडे जाईपर्यंत थांबले आणि चकती सपाट ठेवली. एकदा ओतला की मग आत काही बदलता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. अजून काही वाटत असेल तर आत्ता सांगा.

हालवारांनी भिंग ओढून एकदा शेवटचं बघितलं. खिडकी, ओटा, पावलं, पाठ.

"ओत," ते म्हणाले.

मी ओतला.